उभ्याने होणारा व्यापार आणि पायांतील वहाण

व्यापारी म्हणजे गादीवर बसणारा माणूस, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे की ती भाषेतच मुरून गेली आहे. आपण दुकानावर 'बसतो', पेढीवर 'बसतो'; मुलगा हाताशी आला म्हणजे त्याला गादीवर 'बसवितो'. धार व देवास येथील जुन्या बाजारांत एके काळी हे शब्द अक्षरशः खरे होते. पांढरी चादर घातलेली गादी, पाठीशी तक्क्या, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी, आणि गिऱ्हाईकही जोडे पायरीशी काढून समोर बैठक मारून बसावयाचे. वहाणेचे काम घरापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून घरापर्यंत, एवढेच. दिवसाचे आठ-दहा तास तिला विश्रांती असे व पायांनाही असे.

ती गादी आता बहुतेक ठिकाणी उचलली गेली. तिच्या जागी काचेचे काउंटर आले, आणि काउंटरमागे सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत मालक उभा, मुलगा उभा, नोकर उभे. मंडीत लिलावाच्या वेळी आडत्याला एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे चालत राहावे लागते. देवासच्या औद्योगिक वसाहतीत किंवा धार जिल्ह्यातील पीथमपुरात ज्यांचे कारखान्यांना माल पुरविण्याचे काम आहे, त्यांचा दिवस फाटकापासून गोदामापर्यंतच्या फेऱ्यांत जातो. घरातही हेच झाले. जमिनीवरची चूल गेली आणि ओटा आला. ओट्याने पाठीचे वाकणे वाचले खरे, पण गृहिणीचे बसणेही गेले. फरशीवर अनवाणी दोन-तीन तास उभे राहून दोन वेळचा स्वयंपाक करणारी स्त्री दुकानात उभ्या असलेल्या पुरुषापेक्षा कमी थकत नाही. ही गोष्ट संध्याकाळी पाय चेपून मागणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते.

व्यापाराची रीत बदलली, पण वहाण घेण्याची आपली रीत गादीच्या काळातलीच राहिली. दिवाळीत किंवा लग्नसराईत, घाईघाईने, दिसायला बरी आणि भावाला स्वस्त पाहून आपण जोडी उचलतो. जी माणसे दहा हजारांचा माल घेताना पोते फोडून दाणा चावून पाहतात, तीच माणसे ज्या वस्तूवर स्वतः वर्षभर उभे राहावयाचे, ती एक पाय घालून, आरशात पाहून पसंत करतात. या लेखाचा हेतू एवढाच की, वहाणेचीही पारख मालाच्या पारखीप्रमाणे करता यावी.

प्रथम उभे राहिल्याने काय होते ते पाहू. मनुष्याच्या प्रत्येक पावलात २६ हाडे असतात आणि ती स्नायूंनी व बंधांनी अशी बांधलेली असतात की तळव्याला एक कमान येते. चालताना ही कमान किंचित दबते व पुन्हा उचलते, त्यामुळे धक्का शोषला जातो. तसेच चालताना पोटरीचे स्नायू आवळतात व सैल होतात आणि पायांत उतरलेले रक्त वर, हृदयाकडे ढकलतात. यावरूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणण्याची चाल पडली. एका जागी स्थिर उभे राहिले की पोटरीचा हा पंप जवळजवळ बंद पडतो. रक्त व पाणी खाली साचते, घोटे सुजतात, आणि वर्षानुवर्षे असे चालले तर पायांच्या शिरा फुगून निळ्या-हिरव्या दिसू लागतात. कमानीखालचा जाड बंध सतत ताणला जाऊन त्याला टाचेपाशी इजा होते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल टाचेत खिळा रुतल्यासारखे दुखते, ते याच कारणाने. म्हणून दिवसभर चालणाऱ्यापेक्षा दिवसभर एका जागी उभा राहणारा अधिक लवकर बेजार होतो. उत्तम वहाणसुद्धा हा दोष पुरता घालवू शकत नाही. काउंटरखाली चार-सहा इंच उंचीची एक फळी ठेवून आळीपाळीने एकेक पाय तिच्यावर टेकावा, तासातून दोन वेळा टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे, उभे राहण्याच्या जागी जाड रबरी चटई घालावी. स्वयंपाकघरात वहाण चालत नाही अशा आपल्या घरांतून तर ओट्यापुढची चटई हीच वहाण समजावी.

आता माप. जोडी संध्याकाळी घ्यावी. कारण दिवसभर उभे राहिलेला पाय सकाळपेक्षा थोडा मोठा झालेला असतो आणि सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री आठ वाजता चावू लागतो. दुसरे असे की कोणाचेही दोन पाय अगदी सारखे नसतात. देवासच्या वाचकांना हे समजावून सांगावयास नको. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदली. तशीच आपल्या पायांतही एक थोरली पाती असते व एक धाकटी. माप नेहमी थोरल्या पातीचे घ्यावे. धाकटीला एक पातळ आतली गादी घालून समजाविता येते, थोरलीला समजाविता येत नाही.

माप घेण्याची खात्रीची रीत अगदी साधी आहे. संध्याकाळी कोऱ्या कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्याकडून पेन्सिल सरळ उभी धरवून पावलाची बाह्यरेषा काढून घ्यावी. स्वतः वाकून काढली तर भार हलतो व रेषा खोटी येते. ही आकृती कापून खिशात ठेवावी व दुकानात बुटाच्या तळाशी ताडून पाहावी. कागद कडेने दुमडला, तर तुमचा पायही तसाच दुमडणार. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी, आणि सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असे नाही. पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते.

बुटावर छापलेल्या आकड्यावर फार विसंबू नये. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचे अंतर एक-तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. युरोपच्या पद्धतीत दोन-तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा मिलिमीटरहून थोडे अधिक. शिवाय हे सारे आकडे लांबीचे, रुंदीचे काय? चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. त्यात असे दिसून आले की, भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकन पावलांपेक्षा रुंद असतात, आणि त्यामुळे आपण पुष्कळदा रुंदी मिळावी म्हणून लांबीने मोठा बूट घेतो. मग तो पुढे रिकामा, मागे सैल, आणि चालताना टाच वर-खाली होऊन फोड येतो. या पाहणीवरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचविण्यात आली आहे. ती दुकानांत रूढ होईपर्यंत कागदाची आकृती हेच आपले माप. चवड्याच्या ठिकाणी रुंद आणि टाचेशी आवळ असा जोड शोधावा; टोकाकडे निमुळते होत जाणारे बूट सभा-समारंभापुरते ठेवावेत.

यापुढे आपल्या चालीरीतींचा एक मुद्दा येतो, आणि तो परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आपण दिवसातून किती वेळा जोडे काढतो? मंदिरात, उपाश्रयात, घराच्या उंबऱ्याशी, दुकानात गादी उरली असेल तर तिच्यापाशी, भोजनाच्या वेळी. आठ-दहा वेळा तर सहज. नाडीचा बूट आठ वेळा सोडून आठ वेळा बांधणारा मनुष्य मी तरी पाहिलेला नाही. होते असे की नाडी कायमची बांधलेली राहते, पाय तसाच कोंबला जातो, आणि महिनाभरात बुटाची टाच चेपली जाऊन त्याची सपाता होते. दीड हजाराच्या बुटातील मुख्य आधार असा आपल्याच टाचेखाली जातो. जयपूरचे रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जो प्रसिद्ध कृत्रिम पाय घडविला, त्याच्यामागेही हाच विचार होता. परदेशी कृत्रिम पाय बुटाशिवाय निरुपयोगी. आपल्या माणसाला तर अनवाणी चालावयाचे, उकिडवे बसावयाचे, मांडी घालावयाची. म्हणून त्यांनी रबराचा, पावलासारखा दिसणारा पाय केला. पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग साहाय्यता समितीने तो गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचविला, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच. ज्यांनी माणसाची राहणी आधी पाहिली व मग पाय घडविला, त्यांचा कित्ता वहाण निवडतानाही गिरवावा. ज्याला वारंवार जोडे काढावे लागतात त्याने नाडीचा बूट घेऊच नये. मागे पट्टा असलेली, चिकटपट्टीने आवळता येणारी सँडल, किंवा टाचेचा भाग घट्ट आणि वरचा भाग ताणणारा असा सरकवून घालण्याचा बूट त्याला योग्य. मागे काहीच नसलेल्या चपलेत ती निसटू नये म्हणून बोटे नकळत आवळलेली राहतात. दहा तास बोटे आवळून राहिलेला पाय दुखला नाही तरच नवल.

कोल्हापुरी चपलेविषयी विचारणारे पुष्कळ भेटतात. कोल्हापुरी ही कारागिरीची वस्तू आहे. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिलाई, आणि कालांतराने धन्याच्या पावलाचा आकार घेणारा तळ, हे तिचे गुण होत. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांतील जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. पण ती सपाट व कठीण असते, गुळगुळीत फरशीवर घसरते, आणि माळव्याच्या आषाढ-श्रावणात भिजली म्हणजे तिचे तेज गेलेच. कार्यप्रसंगी तिच्यासारखी शोभा नाही. काउंटरमागे दहा तास ती घालू नये.

आणि ती चामड्याची आहे, हा आपल्यातील अनेकांच्या दृष्टीने पहिला प्रश्न. या बाबतीत आपल्या घराघरांत वेगवेगळा नियम आहे. कोणी चामडे मुळीच शिवत नाही, कोणी मंदिरात नेत नाही, कोणी विचारच करीत नाही. त्यात मध्यस्थी करण्याचा अधिकार या लेखकाचा नव्हे. मात्र विषयाचा इतिहास ठाऊक असावा. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर स्वतः सँडल शिवीत. त्यांनी एक जोड जनरल स्मट्स यांना दिला, आणि तो स्मट्स यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आदरपूर्वक परत पाठविला. पुढे गांधीजींनी हत्या केलेल्या जनावराऐवजी आपोआप मेलेल्या जनावराचेच चामडे वापरावे असा आग्रह धरला. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले ते याच तत्त्वावर. इकडे आपल्या देवासमध्येच १९७० नंतरच्या दशकात टाटा एक्स्पोर्ट्स या कंपनीने निर्यातीसाठी चामड्याचा मोठा कारखाना उभारला. म्हणजे चामड्याचा प्रश्न आपल्याला दूरचा कधीच नव्हता.

ज्यांना चामडे वर्ज्य आहे त्यांची आज फसगत होते ती चामड्याच्या नावांमुळे. 'स्वेड' आणि 'नुबक' ही चामड्याचीच नावे आहेत. 'बाँडेड लेदर' म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेला तावच. उलट 'पीयू लेदर' हे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ते बहुधा कापडावर चढविलेले प्लास्टिक असते. मात्र वरचा भाग रेक्झिनचा आणि आतला तळ किंवा अस्तर चामड्याचे, असे जोड पुष्कळ निघतात, आणि विक्रेत्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते. येथे एक खूण उपयोगी पडते. युरोपीय संघाने १९९४ मध्ये पादत्राणांवर चित्रखुणा बंधनकारक केल्या. निर्यातीचा माल करणारे आपल्याकडील कारखानेही त्या छापतात. पसरलेल्या कातड्याच्या आकाराची खूण म्हणजे चामडे. तीच खूण आणि तिच्या पोटात लहान चौकट म्हणजे वर थर दिलेले चामडे. विणीची जाळी म्हणजे कापड. आणि नुसती शंकरपाळ्यासारखी चौकट म्हणजे इतर पदार्थ, बहुधा रबर किंवा प्लास्टिक. वरचा भाग, अस्तर व आतला तळ, आणि बाहेरचा तळ या तिन्हींसाठी वेगळी खूण असते; तिन्ही पाहाव्यात. खूण नसेल तर कापलेली कड पाहावी. चामड्याची कड गुंतलेल्या तंतूंची, लव आल्यासारखी दिसते. रेक्झिनच्या कडेला खाली कापडाची वीण आणि वर पातळ साय अशी दोन पदरी रचना स्पष्ट दिसते. चिकटविण्याचा डिंक हल्ली बहुधा रासायनिक असतो, जनावरांच्या हाडा-कातड्याचा नसतो.

चामडे सोडले म्हणजे दोष सुटला असेही मानू नये. प्लास्टिकचा जोड फेकून दिल्यावर जमिनीत कित्येक दशके तसाच पडून राहतो, आणि तो श्वास घेत नसल्याने पायाला घाम अधिक येतो. म्हणून चामडे न वापरणाऱ्याने वरचा भाग जाळीदार विणीच्या कापडाचा असलेला जोड पाहावा. अशा जोडांचा देशातील मोठा बाजार हरियाणातील बहादूरगड येथे आहे, आणि केरळात कोझिकोडच्या परिसरातही हा धंदा चांगला वाढला आहे. आपल्या दुकानदार सभासदांनी माल मागविताना हे ध्यानात ठेवावे.

आता वहाणेचा खरा जीव जो तळ, त्याकडे येऊ. येथे थोडे थांबणे जरूर आहे; कारण बाजारात तळाचे पदार्थ अनेक, आणि नावे विक्रेत्याच्या तोंडी नुसती घोळतात.

सर्वांत स्वस्त तळ पीव्हीसीचा. तो जड, थंडीत कडक, ओल्या फरशीवर निसरडा. झिजत मात्र लवकर नाही, म्हणून 'टिकाऊ' म्हणून विकला जातो. तळ टिकला पण गुडघा टिकला नाही, असा हा टिकाऊपणा. ईव्हीए हा फेसासारखा हलका पदार्थ. पहिल्या दिवशी पाय ढगावर ठेवल्यासारखा वाटतो. परंतु दिवसभर उभ्या असलेल्या माणसाच्या भाराने काही महिन्यांत तो चेपून बसतो व पुन्हा फुगत नाही. हलके अंग व थोडे चालणे असेल त्याला तो पुरतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हा त्याहून किंचित जड, परंतु चेपून पुन्हा उठणारा. उभ्याच्या कामाला हा उत्तम. रबर सर्वांत जड, सर्वांत चिवट आणि पकड सर्वांत चांगली. म्हणून चांगल्या जोडीत मधला थर पीयूचा किंवा दाट ईव्हीएचा आणि जमिनीला लागणारा थर रबराचा, अशी जोडणी असते. दिवसभराच्या कामासाठी हीच मागावी.

पीयूचा एक मोठा दोष व्यापाऱ्याने विशेष जाणावा. हवेतील दमटपणाने या पदार्थाचे हळूहळू विघटन होते, आणि गंमत अशी की वापरात असलेल्या जोडीपेक्षा पेटीत जपून ठेवलेल्या जोडीला हे अधिक बाधते. लग्नात घेतलेला उंची बूट चार-पाच वर्षे कपाटात राहिला, मग दुसऱ्याच्या लग्नात काढला, आणि वरातीच्या मध्यावर तळ बिस्किटासारखा चुरा होऊन रस्त्यावर पसरला, असे प्रसंग पुष्कळांच्या पाहण्यात असतील. त्यात चोरी कोणाची नाही. पदार्थाचा तो स्वभाव आहे. म्हणून पीयू तळाचा जोड वापरावयाचा तेव्हाच घ्यावा, साठवू नये. 'जुना माल, अर्ध्या भावात' अशी पाटी दिसली तर पेटीवरील उत्पादनाचा महिना पाहावा आणि तळ बोटांनी जोराने दाबावा. बारीक चिरा दिसल्या तर हात जोडून बाहेर पडावे. जे सभासद पादत्राणांचा व्यापार करतात त्यांनीही आधी आलेला माल आधी विकावा. धान्याला हा नियम आपण लावतोच.

दुकानात चार परीक्षा अवश्य कराव्यात. जोड सपाट काचेवर ठेवून मागून पाहावा. टाच एका बाजूस कलली असेल तर तो जन्मतः वाकडा आहे. पुढचे टोक हाताने वर वाकवावे. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध मोडला तर कमानीला आधार नाही. दोन्ही टोके धरून कपडा पिळल्याप्रमाणे पिळावे. जो सहज पिळला जातो तो उभ्याच्या कामाचा नव्हे. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबावा. तो ताठ हवा. नंतर दोन्ही पायांत घालून दुकानातील गालिच्यावरून उतरून फरशीवर दहा मिनिटे चालावे व त्यातील पाच मिनिटे नुसते उभे राहावे. विक्रेता 'चार दिवसांत सैल होईल' असे म्हणाला तर ते बोलणे मनावर घेऊ नये. कापड व चामडे थोडे सैलावते, प्लास्टिक सैलावत नाही.

धंद्याप्रमाणे गरज बदलते. किराण्याच्या दुकानात तेल, तूप, गूळ सांडतो; तेथे खोल रेघांचा रबरी तळ हवा. कापडाच्या दुकानात फरशी स्वच्छ असते, तेथे मऊपणाला प्राधान्य. मंडीत माळव्याचे मुख्य पीक सोयाबीन, आणि सांडलेला सोयाबीनचा गोल दाणा पायाखाली लोखंडी छऱ्यासारखा फिरतो. तेथे बंद जोड आणि रुंद टाच पाहिजे, हवाई चप्पल तर मुळीच नको. लोखंड, यंत्रे किंवा पोती यांचे काम असेल तेथे पोलादी टोपीचा सुरक्षा-बूट. मानकाप्रमाणे ही टोपी २०० जूल आघात सोसते, म्हणजे वीस किलोचे वजन एक मीटर उंचीवरून बोटांवर पडले तरी बोटे वाचतात. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल तळाच्या रेघांत भरून बसतो व पकड नाहीशी होते. दुकानाच्या पायरीवर तारेची चौकट ठेवणे हे गिऱ्हाइकाच्याही हिताचे.

एकच जोड रोज घालणे हा खोटा काटकसरीपणा होय. दिवसभराचा घाम एका रात्रीत वाळत नाही. दोन जोड आलटून-पालटून वापरले तर दोन्ही मिळून दुपटीहून अधिक चालतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत नाहीत. भिजलेल्या जोडात जुने वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर डिंक सुटतो. मोजे दुपारी बदलावेत.

खर्चाचा हिशेब व्यापाऱ्याला व्यापाऱ्याच्याच रीतीने सांगावा. समजा, ४०० रुपयांचा जोड पाच महिने चालला; रोजचा खर्च झाला सुमारे २ रुपये ६७ पैसे. समजा, १,५०० रुपयांचा जोड अठरा महिने चालला; रोजचा खर्च सुमारे २ रुपये ७८ पैसे. फरक अकरा पैशांचा. त्या अकरा पैशांत टाच, गुडघा व कंबर यांची दहा तासांची सोय होत असेल तर सौदा महाग म्हणता येणार नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला आहे, हेही हिशेबात धरावे. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या मोच्याला विसरू नये. झिजलेल्या टाचेवर वेळीच रबर लावले तर जोडीचे आयुष्य कितीतरी वाढते.

मधुमेह असलेल्यांविषयी वेगळे व स्पष्ट लिहिले पाहिजे. कारण आपल्या व्यापारी घरांतून हा रोग फार आहे. मधुमेहाने पायाची संवेदना हळूहळू जाते. खडा टोचला, खिळा लागला, फरशी पोळली तरी कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय काढण्यापर्यंत पाळी येते. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. रोग्याने डोळे मिटावेत, दुसऱ्याने त्याच्या प्रत्येक पायाचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने अगदी हलका, एक-दोन सेकंद स्पर्श करावा, दाबू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. अशा माणसाने बोटांत अडकणारी चप्पल घालू नये, आणि जोड घालण्यापूर्वी तो उपडा करून, आत हात फिरवून पाहावा. त्याच्यासाठी बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा, म्हणजे एम.सी.आर.चा, आतला तळ उत्तम. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी हे रबर वापरात आणले, आणि तेच आज मधुमेह्यांच्या उपयोगी पडत आहे.

मोहनखेडा, भोपावर, मांडवगड येथील तीर्थांना अनवाणी पायी जाण्याचा नियम आपल्यातील अनेकजण श्रद्धेने घेतात. ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी हा नियम घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व गुरुमहाराजांपुढे आपली अडचण स्पष्ट मांडावी. पायाखालच्या जीवाला जपत चालण्यासाठी पायाला जमीन कळली पाहिजे; बधिर पायाला ती कळत नाही. मंदिरांच्या विश्वस्तांनी उन्हाळ्यात तापलेल्या दगडी चौकांत तागाची किंवा काथ्याची पट्टी अंथरली तर वृद्धांचा दुवा मिळेल.

येथवर मालकाच्या पायांचे झाले. परंतु दुकानात सर्वांत अधिक वेळ कोण उभे असते? थान उलगडून दाखविणारा नोकर, पुड्या बांधणारा पोर, पाठीवर पोते घेऊन जिना चढणारा हमाल. पुष्कळ दुकानांत मालकाच्या पाठीशी खुर्ची असते आणि नोकराने गिऱ्हाईक नसतानाही बसणे उद्धटपणाचे समजले जाते. केरळात कोझिकोड येथील कापड-दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी या प्रश्नावर आवाज उठविला, आणि २०१८ मध्ये त्या राज्याने दुकाने-विषयक कायद्यात दुरुस्ती करून नोकरांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. तमिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. आपण कायद्याची वाट कशाला पाहावी? काउंटरमागे चार स्टुले मावत नाहीत असे दुकान बाजारात क्वचितच असेल. दिवाळीला मिठाईचा पुडा देतोच. त्याबरोबर प्रत्येक नोकराला त्याच्या पायाचे माप घेऊन एक चांगला जोड द्यावा. मापाशिवाय घाऊक भावाने आणलेले एका नंबरचे डझनभर बूट मात्र देऊ नयेत. ते दुसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी भावाच्या पायांत दिसतात. हमालांना बंद जोड द्यावयाचा असेल तर त्यांनाच दुकानात न्यावे; पोते उचलून, दोन पायऱ्या चढून, मग त्यांनी पसंत करावा.

नवा जोड आणल्यावर पहिले दोन दिवस घरातल्या स्वच्छ फरशीवर, संध्याकाळी तासभरच घालावा. पुढे दोन तास, मग अर्धा दिवस. तळ मळला नसेल तर बहुतेक दुकानदार जोड बदलून देतात, यासाठी पावती व पेटी तेवढे दिवस जपून ठेवावी. कोठे लाली दिसली तर ती जागा खडूने टिपून घ्यावी व त्याच खुणेवर मोच्याकडून आतला कापड-पदर सैल करवून घ्यावा. आठवड्यानंतरही लाली तशीच राहिली, तर तो जोड तुमच्या पायाचा नव्हे. घरात ज्याच्या पायाला बसेल त्याला द्यावा.